काविळीच्या विषाणूचा माग काढणारे डॉ. बारूक ब्लुमबर्ग

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या परिसरातील अनेक रक्ततपासणी प्रयोगशाळांच्या अहवालांवर हिपॅटायटिस बी या आजाराच्या चाचणीपुढे ऑस्ट्रेलिया अँटिजेन असे जुने नाव आजही छापलेले आढळते. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा गरोदरपणातील तपासणीच्या वेळी असा अहवाल हाती पडला की, यकृताच्या आजाराचा ऑस्ट्रेलियाशी काय संबंध, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर १९६३ साली अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत, काचपट्टीवरील पारदर्शक थरात उमटलेल्या एका पुसट रेषेत आहे. ती रेषा पाहणारे आणि पुढील चार वर्षे तिचा पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ म्हणजे वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी डॉ. बारूक सॅम्युएल ब्लुमबर्ग. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० मधील ठरावानुसार जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

ब्लुमबर्ग यांचा जन्म १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. प्राथमिक शिक्षण ज्यू धर्मशाळेत झाल्याने हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथांवरील जुन्या टीका यांचा अभ्यास त्यांना लहानपणीच घडला. एकाच वचनाचे अनेक अर्थ तपासून पाहण्याची सवय तेथे लागली, असे ते पुढे मानत असत. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात दाखल झाले आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजावर अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. याच काळात युनियन महाविद्यालयातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठात गणिताचा उच्च अभ्यास सुरू केला. परंतु वडिलांच्या सूचनेवरून ते वैद्यकाकडे वळले आणि १९५१ मध्ये त्याच विद्यापीठातून डॉक्टर झाले.

विद्यार्थिदशेतील एका प्रवासाने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवली. वैद्यकाच्या अभ्यासक्रमादरम्यान काही महिने ते दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या तत्कालीन डच वसाहतीत, मोएंगो नावाच्या खाणवस्तीवर काम करण्यासाठी गेले. उसाच्या मळ्यांवरील मजुरीसाठी एकोणिसाव्या शतकात भारतातून नेलेल्या लोकांचे वंशज, जावा बेटातील लोक, आफ्रिकी वंशाचे लोक, चिनी आणि स्थानिक आदिवासी अशी सरमिसळ वस्ती तेथे होती. हत्तीरोगाच्या जंतूंसाठी या लोकांचे रक्त तपासताना, एकाच ठिकाणी राहणाऱ्या, त्याच डासांचे दंश सोसणाऱ्या माणसांमध्येही लागणीचे प्रमाण समूहागणिक फार वेगळे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. आजार काहींनाच का गाठतो, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. काविळीच्या विषाणूचा शोध घेण्याचा विचार त्यावेळी त्यांच्या मनात कोठेही नव्हता, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९५५ मध्ये ते जैवरसायनशास्त्रातील संशोधनासाठी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात दाखल झाले आणि दोन वर्षांत त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

ते ऑक्सफर्डला असतानाच इकडे दिल्लीत काविळीची एक फार मोठी साथ उद्भवली. यमुनेच्या प्रवाहात बदल होऊन नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलले जाते त्या जागेपर्यंत पोहोचले. पाणी शुद्ध करताना क्लोरिनची मात्रा वाढवण्यात आली. त्यामुळे विषमज्वरासारखे जीवाणूंचे आजार रोखले गेले. कावीळ मात्र रोखली गेली नाही. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज नोंदला गेला. गरोदर स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. या साथीचा बारकाईने अभ्यास डॉ. आर. विश्वनाथन यांनी केला. दिल्लीतील वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेचे संस्थापक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. साथीतील रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने जपून ठेवण्यात आले. त्यावेळी त्या नमुन्यांना विचारण्यासाठी कोणाकडेही प्रश्न नव्हता, कारण काविळीच्या एकाही विषाणूची ओळख पटलेली नव्हती.

येथे थोडे थांबून तत्कालीन माहितीची स्थिती पाहणे आवश्यक आहे. आपल्या भाषेत कावीळ हा एकच शब्द आहे आणि तो खरे तर आजाराचे नसून लक्षणाचे नाव आहे. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे या गोष्टी अनेक कारणांनी घडतात. दूषित पाण्यातून पसरणारी आणि रक्तातून पसरणारी असे काविळीचे किमान दोन प्रकार असावेत, हे डॉक्टरांना १९४० च्या दशकात उमगले होते आणि त्यांना ए आणि बी ही अक्षरेही दिली गेली होती. १९४२ मध्ये पीतज्वराच्या लशीत मानवी रक्तातील सीरम वापरल्यामुळे अमेरिकेच्या सुमारे ५०,००० सैनिकांना कावीळ होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. रक्त दिल्यानंतर काही रुग्णांना दोन-तीन महिन्यांनी कावीळ होते, हेही सर्वांना ठाऊक होते. परंतु कोणत्या बाटलीतील रक्त दूषित आहे, हे सांगणारी एकही चाचणी जगात नव्हती. दाता धडधाकट दिसे, रक्त नेहमीसारखेच लाल दिसे.

१९५७ मध्ये ब्लुमबर्ग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुजू झाले. माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांमध्ये वंशपरत्वे असणारे सूक्ष्म फरक शोधणे हा त्यांचा विषय होता. त्यासाठी आफ्रिका, ध्रुवीय प्रदेश, प्रशांत महासागरातील बेटे अशा दूरदूरच्या ठिकाणांहून रक्ताचे नमुने त्यांच्या शीतपेटीत जमा होत. ब्रिटिश सहकारी अँथनी ॲलिसन यांच्यासमवेत त्यांनी एक साधी पण चतुर पद्धत अवलंबिली. ज्या रुग्णांना पुनःपुन्हा दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असणार. मग अशा रुग्णाचे सीरम आणि दूरदेशीच्या माणसांचे सीरम समोरासमोर ठेवायचे. अगार या शेवाळापासून मिळणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचा पातळ थर काचेवर देऊन त्यात छोटे खळगे पाडत. मधल्या खळग्यात रुग्णाचे सीरम आणि भोवतालच्या खळग्यांत तपासायचे नमुने. दोन्ही द्रव थरातून हळूहळू पसरत आणि एकमेकांस ओळखणारे घटक भेटले की, त्या ठिकाणी पांढरी रेषा उमटे. एवढीच ती चाचणी. तिला विजेरी यंत्र लागत नसे; लागे ती चिकाटी.

१९६३ मध्ये संस्थेच्या रक्तपेढीतील तरुण डॉक्टर हार्वे ऑल्टर यांच्यासमवेत काम करीत असताना, न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाच्या सीरमची २४ निरनिराळ्या नमुन्यांशी गाठ घालण्यात आली. त्यांपैकी केवळ एका नमुन्यापुढे रेषा उमटली. तो नमुना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीचा होता. रंग देऊन पाहिल्यावर ही रेषा नेहमीच्या मेदयुक्त प्रथिनांची नसल्याचे दिसून आले. न्यूयॉर्कच्या रुग्णाने ऑस्ट्रेलियातील आदिवासीच्या रक्तातील घटक कोठे पाहिला असेल, याचा उलगडा होईना. तात्पुरती खूण म्हणून त्या अनोळखी घटकास ऑस्ट्रेलिया अँटिजेन असे नाव दिले गेले. शास्त्रात तात्पुरती नावेच अनेकदा चिरस्थायी होतात.

१९६४ मध्ये ब्लुमबर्ग फिलाडेल्फियाच्या कर्करोग संशोधन संस्थेत गेले. तेथे हजारो नमुने तपासण्यात आले. निरोगी अमेरिकी लोकांमध्ये हा घटक हजारात एखाद्याकडे, तर आशिया आणि उष्ण प्रदेशांतील काही समूहांमध्ये पुष्कळांकडे आढळला. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्येही तो अधिक प्रमाणात दिसला. त्यामुळे हा घटक जन्मजात असून तो असणाऱ्यांना रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त असावी, असा कयास बांधला गेला. तो चुकीचा होता. मात्र चुकीचा कयासही कसोटीला लावला तर उपयोगी पडतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना या कर्करोगाचा धोका अधिक, म्हणून त्यांची तपासणी झाली आणि मोठ्या निवासी संस्थांतील अशा व्यक्तींमध्ये हा घटक फार मोठ्या प्रमाणावर मिळाला. जन्मजात घटक आयुष्यभर बदलत नाही, असे मानले जात होते. परंतु १९६६ मध्ये, आधीच्या तपासणीत हा घटक नसलेल्या एका रुग्णाच्या रक्तात तो नव्याने दिसला, आणि चौकशी करता या दोन तपासण्यांच्या दरम्यान त्यास यकृताचा दाह झाल्याचे निष्पन्न झाले.

त्यानंतर १९६७ च्या वसंत ऋतूत प्रयोगशाळेतच एक घटना घडली. हे नमुने हाताळणाऱ्या एका तंत्रज्ञ महिलेस थकवा आणि अस्वस्थता जाणवू लागली. तिने स्वतःच्या रक्ताची तीच चाचणी केली. आदल्या काळातील तिच्या नमुन्यात काही नव्हते; नव्या नमुन्यात पुसट रेषा उमटली. लवकरच तिला कावीळ झाली आणि सुदैवाने ती पूर्ण बरी झाली. चाचणीच्या साह्याने विषाणूजन्य काविळीचे निदान होण्याची ही पहिली वेळ मानली जाते. ऑस्ट्रेलिया अँटिजेन हा वंशपरंपरेचा गुण नसून रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या विषाणूचा भाग आहे, असा निष्कर्ष ब्लुमबर्ग यांच्या गटाने मांडला.

सुरुवातीला बहुतेक तज्ज्ञांनी त्याकडे संशयाने पाहिले. काविळीचा विषाणू सापडल्याचे दावे यापूर्वी अनेक झाले होते आणि ते सर्व फोल ठरले होते. शिवाय हा दावा करणारा गट विषाणुशास्त्रज्ञांचा नव्हता. तथापि १९६८ मध्ये टोकियोत काझुओ ओकोची आणि न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स यांनी स्वतंत्रपणे तसेच पुरावे दिले आणि शंका मावळल्या. १९७२ पासून अमेरिकेत दात्याच्या रक्ताची ही तपासणी सक्तीची करण्यात आली. ऑल्टर यांनी केलेल्या पाहणीनुसार, पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचे रक्त वगळल्यानंतर आणि ही चाचणी सुरू झाल्यानंतर त्यांच्या संस्थेत शस्त्रक्रियेच्या रुग्णांमधील काविळीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. उरलेल्या काविळीचा मागोवा घेणाऱ्या ऑल्टर यांना हिपॅटायटिस सी विषाणूच्या शोधाबद्दल २०२० मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

भारतात रक्तपेढ्यांच्या कारभारास शिस्त येण्यास बराच अवधी लागला. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी दिलेल्या निर्णयानंतर राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद स्थापन झाली आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्रीवर जगणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर बंदी आली. सद्यस्थितीत देशातील प्रत्येक रक्तपिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी बंधनकारक आहे. अगारच्या थराची जागा आता एलायझा पद्धतीने घेतली आहे. प्लॅस्टिकच्या तबकातील बारीक खळग्यांच्या तळाशी प्रतिपिंडे बसवलेली असतात. नमुन्यात विषाणूचे आवरण असेल तर ते तेथे अडकते आणि नंतर घातलेल्या रसायनाने खळग्यात रंग येतो. तत्त्व मात्र तेच: परक्यास ओळखणाऱ्या प्रतिपिंडाकरवी परक्याची ओळख पटविणे. लागण झाल्यावर हा घटक रक्तात दिसू लागण्यास सरासरी चार आठवडे आणि क्वचित नऊ आठवडेही लागतात. या मधल्या काळात दिलेले रक्त चाचणीतून निसटू शकते, म्हणून काही मोठ्या रक्तपेढ्या विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणारी महागडी चाचणीही करतात.

दिल्लीच्या साथीतील नमुन्यांकडे आता परत वळता येईल. १९७० च्या दशकाअखेर बी आणि ए या दोन्ही विषाणूंच्या खुणा रक्तात शोधणे शक्य झाले होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील डॉ. खुर्शीद पावरी व त्यांचे सहकारी यांनी दिल्लीच्या १९५५-५६ मधील जपून ठेवलेल्या नमुन्यांसह भारतातील साथींचे नमुने तपासले. तोपर्यंत दिल्लीची साथ हिपॅटायटिस ए या आजाराचीच मानली जात असे. तपासणीत मात्र ती ना ए ठरली, ना बी. १९८० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी काश्मीरमधील साथीचा अभ्यास करून डॉ. मोहम्मद खुरू यांनीही पाण्यातून पसरणारा वेगळाच विषाणू असल्याचे प्रतिपादन केले. आज तो हिपॅटायटिस ई या नावाने ओळखला जातो. पाव शतक पडून असलेल्या नमुन्यांनी दिल्लीच्या साथीचा इतिहास बदलला. ब्लुमबर्ग यांनाही त्यांचे उत्तर शीतपेटीतील अशाच जुन्या नमुन्यांनी दिले होते.

चाचणीपाठोपाठ लशीचे काम सुरू झाले. विषाणूवाहकांच्या रक्तात विषाणूच्या रिकाम्या आवरणांचे असंख्य कण असतात आणि ते स्वतः रोग निर्माण करीत नाहीत. हे कण शुद्ध करून लस म्हणून टोचता येतील, ही कल्पना ब्लुमबर्ग आणि त्यांचे सहकारी आयर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये पेटंटसाठी मांडली. विषाणू प्रयोगशाळेत वाढवता न येताही लस तयार करण्याचा हा मार्ग अभिनव होता. मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांनी ती सिद्ध केली, १९८१ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि १९८६ मध्ये किण्वाच्या पेशींत तयार होणारी, मानवी रक्तावर अवलंबून नसलेली लस आली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीने १९९७ मध्ये देशी लस बाजारात आणल्यानंतर आयात लशीच्या किमती झपाट्याने खाली आल्या. हा विषाणू यकृताच्या कर्करोगाचे प्रमुख कारण असल्याचे तैवानमधील अभ्यासांतून सिद्ध झाल्याने, ही लस कर्करोगास प्रतिबंध करणारी पहिली लस गणली जाते.

१९७६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्लुमबर्ग यांना कार्लटन गाजडुसेक यांच्यासमवेत विभागून मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी शोधाच्या यशाबरोबरच एका अडचणीचाही ऊहापोह केला, आणि या लेखकाच्या मते त्यांच्या कार्यातील हा भाग भारतात अपुरा वाचला गेला आहे. चाचणीमुळे पहिल्यांदाच असे लाखो लोक ओळखता येऊ लागले की ज्यांना कोणताही त्रास नाही, पण ज्यांच्या रक्तात विषाणू आहे. व्हिएतनाममधून अमेरिकेत दत्तक गेलेली बालके, रुग्णालयांत काम करताना लागण झालेल्या परिचारिका यांच्याकडे लोक भीतीने पाहू लागले. चाचणीने रक्त सुरक्षित केले. परंतु वाहक हा शिक्काही तिनेच निर्माण केला. सहवासातील किरकोळ धोक्यापायी एखाद्याचे शिक्षण, नोकरी अथवा कुटुंब हिरावून घ्यावे काय, असा प्रश्न ब्लुमबर्ग यांनी उपस्थित केला होता. हा विषाणू हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका खोलीत राहिल्याने पसरत नाही. तो रक्तातून, दूषित सुयांतून, लैंगिक संबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळास होतो. तरीही नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीतील या एका ओळीमुळे उमेदवारास घरी पाठविल्याचे किंवा ठरलेले लग्न मोडल्याचे प्रकार आपल्याकडे ऐकिवात येतात.

भारताशी ब्लुमबर्ग यांचा आणखी एक संबंध आला. काविळीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिल्या जाणाऱ्या भुईआवळीचा अभ्यास मद्रासमधील डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी हाती घेतला होता. १९८८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यागराजन, ब्लुमबर्ग व इतरांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भुईआवळीचे चूर्ण घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे आवरण नाहीसे झाल्याचे, तर औषध नसलेली पूड घेतलेल्या २३ जणांपैकी केवळ एकाच्या बाबतीत तसे घडल्याचे नमूद होते. मोठी आशा निर्माण झाली. परंतु इतर ठिकाणच्या चाचण्यांत असा परिणाम दिसला नाही आणि भुईआवळीस मान्यताप्राप्त उपचारात स्थान मिळाले नाही. पुढे आलेल्या टेनोफोविरसारख्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, मात्र त्याचे समूळ उच्चाटन क्वचितच होते. रक्तात विषाणूचे आवरण सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले तर आजार दीर्घकालीन समजला जातो. नवजात बालकांना लागण झाल्यास सुमारे ९० टक्के बालकांत तो टिकून राहतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिली लस देण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला जातो.

उत्तरायुष्यातही ब्लुमबर्ग एका जागी स्थिरावले नाहीत. १९८९ ते १९९४ या काळात ते ज्या बेलियल महाविद्यालयात विद्यार्थी होते, त्याचेच प्रमुख झाले. या पदावरील ते पहिले अमेरिकी. १९९९ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अमेरिकी अंतराळ संस्था नासाच्या खगोलजीवशास्त्र संस्थेचे संचालकपद त्यांनी स्वीकारले. पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असेल तर ती कशी ओळखावी, हा या संस्थेचा विषय. रक्ताच्या थेंबात अनोळखी घटक शोधणाऱ्यास तो परका वाटला नसावा. २००२ मध्ये त्यांनी विषाणूच्या शोधाची हकिकत सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रकार पत्नी जीन आणि चार अपत्ये असा त्यांचा परिवार होता.

५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात एका परिषदेत भाषण केल्यानंतर हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ८५ वर्षांचे होते. हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात काही राज्यांपुरती होती, ती त्याच वर्षी देशभर लागू झाली. त्यानंतर २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधे मोफत मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या रक्तात हा विषाणू होता आणि त्यांतील बहुसंख्यांची तपासणी झालेली नव्हती.